गिरगावच्या वाड्या आणि पुनर्विकासाचा नियम ३३(७): सही करण्याआधी नकाशात काय बघायचं?

वाडीचा_चौक

गिरगावच्या पुनर्विकासावर दर महिन्या-दोन महिन्यांनी कुठेतरी जुंपतंच. एक बाजू 'मराठी गिरगाव संपलं' म्हणून गळा काढते, दुसरी 'पडक्या चाळीत तुम्ही राहून दाखवा' म्हणून अंगावर येते. दोघींनाही बाजूला ठेवून इथे जरा कामाचं बोलू. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत.

गिरगाव रस्त्यावरून दिसत नाही. जगन्नाथ शंकरशेट मार्गावर खाली दुकानं, वर दोन-तीन मजले, मध्येच आठ-दहा फुटांचं एक तोंड. त्या तोंडातून आत गेलं की वाडी. मधे मोकळा चौक, त्याभोवती तीन-चार चाळी, एखादं देऊळ, एक पार. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी: ही आधीची बागायत, नावातच कळतं. चाळी त्यावर नंतर उठल्या, पण वाडीची हद्द तीच राहिली. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती केशवजी नाईक चाळीत बसला तो काही योगायोग नव्हे. दोनशे माणसं एका ठिकाणी, आणि पाऊस आला तर गॅलरीत, अशी जागा चाळीतच तयार मिळत होती.

दुसरं म्हणजे सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. केळेवाडीत साहित्य संघ, जवळच आर्यन आणि चिकित्सकच्या शाळा. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ ला गिरगावातच कोरोनेशनला लागला. पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकला. आज त्या मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे, म्हणजे 'बदल' हा प्रकार टॉवर आल्यावर सुरू झालेला नाही.

चाळी पडायला का आल्या, तेही थोडक्यात. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. दहा-वीस रुपये भाड्यात मालक कौलंसुद्धा बदलणार नाही, आणि त्याने बदललीही नाहीत. घरं पडायला लागल्यावर १९६९ चा कायदा आला, उपकर (दुरुस्तीसाठी घ्यायचा जादा कर) सुरू झाला आणि सरकारी दुरुस्ती मंडळ आलं. आज ते म्हाडाच्या अखत्यारीत आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, तिथून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब', आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ च्या 'क'. गिरगावच्या बहुतेक चाळी 'अ' मध्ये मोडतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोक 'किती फूट मिळणार' यावर वर्षानुवर्षं भांडतात आणि नकाशा शेवटच्या सभेत पाच मिनिटं बघतात. फूट बरंचसं नियमानेच ठरलेलं असतं. वाडी राहते की जाते ते नकाशात ठरतं. जाणकारांनी भर घालावी.

सर्व्हे_नंबर

चांगला धागा. फुटांचा हिशेब एकदा मांडून टाकतो, म्हणजे तो वाद मिटेल.

उपकरप्राप्त इमारतीला विकास नियमावली २०३४ चं ३३(७) लागतं. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौ. फूट कार्पेट (२७.८८ चौ.मी.), मग त्याची आत्ताची खोली १२० फुटांची का असेना. त्यावर ३५ टक्के फंजिबल (नियमाने मिळणारं जादा क्षेत्र), पुनर्वसनाच्या भागाला अधिमूल्य न भरता. ३०० गुणिले १.३५ म्हणजे ४०५. सगळीकडे ऐकू येणारा '४०५' तो हाच. 'आमच्या बिल्डरने ४०५ दिले' यात त्याच्या दानतीचा भाग शून्य आहे. ज्याची जागा मुळात मोठी, त्याला तेवढीच मिळते, १२० चौ.मी. पर्यंत.

आता बिल्डरच्या बाजूने बघा. समजा प्लॉट ६०० चौ.मी., भाडेकरू ६०, सगळ्यांच्या खोल्या ३०० फुटांच्या आत. ६० गुणिले २७.८८ म्हणजे सुमारे १,६७३ चौ.मी. कार्पेट. भिंती वगैरे धरून बांधीव ढोबळ २,०००. त्यावर एका प्लॉटला प्रोत्साहन (बिल्डरला विकायला मिळणारं क्षेत्र) ५० टक्के, म्हणजे १,०००. बेरीज ३,०००. नियम म्हणतो तीन एफएसआय (प्लॉटच्या तिप्पट बांधकाम, इथे १,८००) किंवा ही बेरीज, जे जास्त ते. म्हणून ३,०००. फंजिबल धरलं तर पुनर्वसन २,७०० आणि विक्री १,३५०.

म्हणजे विकायच्या प्रत्येक एका मीटरमागे दोन मीटर फुकट बांधायचे, वर सगळ्यांचं तीन-चार वर्षांचं भाडं द्यायचं. दाटीच्या वाडीत प्रकल्प अडकतो तो इथे. याच प्लॉटवर २० भाडेकरू असते तर पुनर्वसन अधिक प्रोत्साहन मिळून जेमतेम हजार मीटर भरले असते, तीन एफएसआयचा नियम लागला असता, आणि म्हाडाला द्यायचा हिस्सा वजा करूनही बिल्डरला बरंच उरलं असतं. म्हणून मोजक्या बिऱ्हाडांच्या इमारतीपुढे बिल्डर रांग लावतात आणि शेजारच्या साठ खोल्यांच्या चाळीला कोणी विचारत नाही.

आता वाडीचा मुद्दा. दोन ते पाच प्लॉट एकत्र आले तर प्रोत्साहन ६० टक्के, सहा किंवा जास्त आले तर ७०. वरच्याच उदाहरणात दर प्लॉटमागे १,००० ऐवजी १,४०० विक्रीला. वाडीने एकत्र जाण्याला भावनेपलीकडे हे कारण आहे.

गॅलरीतला

सर्व्हे_नंबर, कागदावर झकास. पण वाडीत चार मालक असतील, त्यातला एक ट्रस्ट, एकाच्या वारसांचा कोर्टात दावा, एक परदेशात. एकत्र आणणार कोण? लोक एकेकटे जातात ते नाइलाजाने. आणि वाडी वाडी काय करताय, मजल्याच्या टोकाला चार संडास आणि सकाळी रांग, हेही त्याच वाडीचं 'वैशिष्ट्य' आहे. बायका-म्हाताऱ्यांना विचारा एकदा.

वाडीचा_चौक

शंभर टक्के मान्य. घरात संडास, लिफ्ट, चोवीस तास पाणी यावर तडजोड नकोच. प्रश्न एवढाच आहे की ते मिळवताना चौक गेलाच पाहिजे का.

सागवान

नकाशाच्या आधी एक पायरी आहे, ती कोणी सांगत नाही: इमारत खरंच किती धोकादायक आहे.

स्ट्रक्चरल ऑडिट आलं की सी-१ (तातडीने पाडा) किंवा त्याहून कमी धोक्याचा सी-२अ, सी-२ब, सी-३ असा शेरा मिळतो. अहवालात रिबाउंड हॅमर, यूपीव्ही, हाफ सेल अशा चाचण्यांचे आकडे असतात. या सगळ्या आरसीसीच्या चाचण्या. गिरगावची जुनी चाळ सागवानी खांब-तुळयांची, मधे विटांचं चुन्यातलं भरकाम, वर मंगळुरी कौलं. तिथे हॅमर मारून काय कळणार? संडासाच्या बाजूला नंतर घातलेला एखादा आरसीसी स्लॅब किंवा कॉलम असतो, त्याचे आकडे काढतात आणि शेरा अख्ख्या इमारतीवर मारतात.

लाकडी चाळीत बघायची जागा ठरलेली: तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. तुळई मधून क्वचित जाते, ती टोकाला कुजते, कारण बाहेरच्या भिंतीतली ओल तिथे बसते. हातोडीने ठोकत टोकाकडे जायचं. निरोगी सागवान खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द. शंका आली की स्क्रू ड्रायव्हर दाबून बघायचा. अर्धा इंच सहज आत गेला तर टोक गेलंच समजा. मग खांबाचा बुंधा, आणि मोरी-संडासाखालच्या कड्या. फुटलेली पन्हळ नेमकी कुठल्या भिंतीवर गळते ते पावसाळ्यातच बघून ठेवायचं.

बिघाडाची कारणंही बहुतेक तीच ती. चुन्याच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि लाकूड खाते. आणि वजन. जुन्या लादीवर नवी फरशी घालायची फॅशन: २० मिमी दगड आणि खाली ५० मिमी माल, म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास. बारा चौरस मीटरच्या खोलीवर पावणेदोन टन, कायमचं. त्यावर पोटमाळा आणि पाचशे लिटरची टाकी, तिचा अर्धा टन वेगळा. खालच्या मजल्याचा माणूस 'छताला पोट आलंय' म्हणतो, ते याचं.

कुजलेलं टोक दुरुस्त होतं. टेकू देऊन भार काढायचा, कुजका भाग कापायचा, दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनेल लावून निरोगी लाकडात बोल्ट मारायचे आणि चॅनेलचं टोक भिंतीत काँक्रीटच्या पॅडवर टेकवायचं. पण खांबच कुजले, जिना झुकला, भिंत फुगून बाहेर आली तर दुरुस्तीचा हट्ट सोडा. दुरुस्ती मंडळाच्या खर्चाला दर चौरस मीटरची मर्यादा असते. अंदाज तिच्यावर गेला की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते.

मालकाचा आणि भाडेकरूंचा असे दोन उलटसुलट अहवाल आले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिथे लाकडी बांधकाम कळणाऱ्या अभियंत्याचाच अहवाल लावा. नाहीतर आकड्यांची लढाई होते आणि लाकूड कोणी बघतच नाही.

ठाकूरद्वार_नाका

सागवान यांचा प्रतिसाद छापून प्रत्येक चाळीच्या जिन्यात लावावा.

कागदांबद्दल लिहितो. पात्रतेची तारीख १३ जून १९९६. त्यानंतर निर्माण केलेले भाडेहक्क पुनर्विकासात मोजत नाहीत. एका खोलीच्या मध्ये पार्टिशन टाकून दोन भाडेपावत्या केल्या आणि दोन घरं मागितली, हा उद्योग इथेच आपटतो.

घोळ सगळ्यात जास्त वारसांचा होतो. पावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, तीन मुलगे तीन उपनगरांत. भाडे कायद्यात हक्क जातो तो मृत्यूच्या वेळी त्या जागेत सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. तसं कोणी नसेल तर वारस, आणि एकमत नसेल तर न्यायालय. तेव्हा पावती आजच नावावर करून घ्या. बिल्डर आल्यावर मालक 'नाव बदलायचे' किती मागेल याचा नेम नाही. जुनी पावती, १९९६ च्या आधीचं वीजबिल, मतदारयादीचा उतारा, रेशन कार्ड: एका फायलीत, दोन प्रतींत. म्हाडा भाडेकरूंची यादी प्रमाणित करते तेव्हा आपलं नाव आणि क्षेत्रफळ दोन्ही तपासा. क्षेत्रफळ चुकलं तर पुढे सगळंच चुकतं.

सर्व्हे_नंबर

भर: मालमत्ता पत्रकही काढून ठेवा. त्यावर 'गिरगाव डिव्हिजन' आणि सी.एस. नंबर (जमिनीचा भूमापन क्रमांक) असतो. वाडीचा चौक कोणाच्या सी.एस. नंबरात आहे ते त्यावरून कळतं. पुष्कळ वाड्यांत तो सगळ्यांचा वाटतो आणि कागदावर एकाच प्लॉटचा असतो. त्या प्लॉटचा मालक एकटा गेला की बाकीच्यांचा चौक त्याच्या पार्किंगच्या रॅम्पखाली जातो. हे टाळायचं तर नकाशा मंजूर व्हायच्या आधी हरकत घ्यावी लागते.

वाडीचा_चौक

नेमका माझा मुद्दा. आता नकाशाबद्दल लिहितो.

लहान प्लॉटवर उंच इमारत म्हटली की एका बाजूला अग्निशमनाच्या गाडीसाठी सहा मीटर मोकळी जागा लागते. बाकीच्या बाजूंना सवलती घेऊन दीड मीटरपर्यंत खाली येतात. शेजारच्या प्लॉटवरही तेच होणार. म्हणजे समोरासमोर दोन टॉवर आणि मध्ये तीन मीटर. खालच्या दहा मजल्यांना दिवसा दिवा. आणि खालचे मजले कोणाला मिळतात? पुनर्वसनवाल्यांना. म्हणून मजल्याचा आराखडा मागा, स्वयंपाकघराची आणि शौचालयाची खिडकी कशावर उघडते ते बघा. 'डक्ट' (इमारतीतली उभी बंदिस्त पोकळी) लिहिलं असेल तर तिची लांबी-रुंदी विचारा, आणि साफसफाईला माणूस शिरणार कुठून तेही.

मोकळी जागा जमिनीवर आहे की पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या गच्चीवर? पोडियमवरची बाग दिसायला छान. पण तिथे जायला लिफ्ट, वर नियमावली आणि बऱ्याचदा 'विक्रीच्या सदनिकांसाठी' अशी पाटी. गणपतीचा मांडव, लग्नाची पंगत, मुलांचं क्रिकेट, मयताची तिरडी या सगळ्याला जमिनीवरची जागा लागते. निदान दहा बाय पंधरा मीटरचा एक सलग तुकडा, गाड्यांच्या वाटेत न येणारा, तळमजल्याच्या नकाशात दाखवून घ्या आणि करारात मापासकट लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

गॅलरीचंही तसंच. टॉवरमध्ये दोन्हीकडे दारं असलेला मधला बोळ देतात, दिवसाही ट्यूबलाइट. एका अंगाने उघडा, दीड मीटरचा मार्ग मागितला तर वारा खेळतो, म्हातारी माणसं दारात बसू शकतात. सगळ्या प्लॉटवर बसत नाही. जिथे बसतो तिथे मात्र मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

कोकणकडा

क्लस्टरचं, म्हणजे पुष्कळ इमारतींच्या एकत्र पुनर्विकासाचं कोणी बोललंच नाही. ३३(९) मध्ये बेट शहरात (उपनगरं सोडून मुंबईत) किमान ४,००० चौ.मी. लागतात आणि एफएसआय चार. भेंडीबाजार त्यातच चालू आहे, साडेसोळा एकर. गिरगावात का नाही?

सर्व्हे_नंबर

कारण भेंडीबाजारात एकच ट्रस्ट होता, त्याने इमारती विकत घेत जमीन एका हातात आणली, रहिवाशांचा मोठा भाग त्यांच्याच समाजाचा. गिरगावात चार हजार मीटर जमवायचे तर आठ-दहा मालक आणि तीन-चारशे भाडेकरू. शिवाय ठाकूरद्वारच्या अलीकडचा भाग सी वॉर्डात, पलीकडचा डी वॉर्डात, म्हणजे फायलीही दोन ठिकाणी. संमतीची अट ७० वरून ५१ टक्क्यांवर आली, तरी मालक राहतातच. त्यापेक्षा ३३(७) मध्येच वाडीतले चार-पाच प्लॉट एकत्र हा मधला रस्ता जास्त जमण्यासारखा आहे.

गॅलरीतला

मालक काहीच करत नसेल तर? ७९-अ चं नाव खूप ऐकतो.

ठाकूरद्वार_नाका

म्हाडा कायद्यातलं कलम. इमारत धोकादायक जाहीर झाली की मालकाला सहा महिने प्रस्तावासाठी. त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला सहा महिने. तेही नाही झालं तर म्हाडा जागा संपादन करून स्वतः बांधणार. त्याखाली काढलेल्या नोटिसांवरून २०२५ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हा नोटीस आली म्हणून पेढे वाटण्याआधी वकिलाला दाखवा, विशेषतः इमारत धोकादायक ठरवणारा कागद कोणी आणि कोणत्या कलमाखाली काढला ते.

संस्था मात्र आधीच तयार ठेवा. मालकाचे सहा महिने संपल्यावर संस्था नोंदवायला धावलात तर तुमचे सहा महिने त्यातच जातील.

मी_पार्लेकर

खोताची वाडी विसरलात का? तिथे तर चाळी नाहीत, टुमदार लाकडी घरं, बाहेरून जिने, पडव्या. मूळची ६५ घरं सांगतात, आता तीसच्या आत आली.

सागवान

खोताची वाडी वेगळं प्रकरण. ती बहुतांश मालकांची घरं, ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे ख्रिस्ती) आणि पाठारे प्रभू कुटुंबांची. तिथे भाडेकरू-मालक भांडण कमी. अडचण अशी की जागेचा भाव इतका वाढला की घर सांभाळणं म्हणजे रोज नुकसान सोसणं. एक मालक विकतो, त्या जागी उंच इमारत येते, तिच्या पायाच्या खोदाईने शेजारच्या लाकडी घराच्या भिंतीला तडा जातो, मग शेजारीही विकतो. खोदाई चालू व्हायच्या आधी आपल्या घराच्या प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो आणि असलेल्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवा. पट्टी तुटली की हालचाल सिद्ध. हे चाळीलाही लागू.

कोकणकडा

मेट्रो ३ च्या वेळी हाच प्रश्न आला होता ना?

सर्व्हे_नंबर

हो. गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानकं करताना वर जागाच नव्हती, म्हणून पूर्ण खड्डा न खणता बराच भाग खालून नॅटम पद्धतीने पोखरला. तरी काही इमारती पाडाव्या लागल्या, आणि तिथल्या लोकांना जवळच नव्या इमारतींत घरं द्यायचं ठरलं. गिरगावच्या दृष्टीने महत्त्वाचा पायंडा हा, की सरकारी प्रकल्पबाधिताला मानखुर्दला न पाठवता गिरगावातच ठेवता येतं. ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गिका कफ परेडपर्यंत चालू आहे. तेव्हा बिल्डर आता 'मेट्रो आली की बघू' म्हणू शकत नाही. विक्रीच्या दरात ती धरूनच तो बोलणी करतोय, तुम्हीही धरा.

गॅलरीतला

बरं, समजा सगळं झालं, राहायला गेलो. पुढचा खर्च? मासिक देखभाल ऐकूनच लोक घर भाड्याने देऊन विरारला जातात.

ठाकूरद्वार_नाका

हाच खरा गळती-बिंदू आहे. मराठी टक्का टॉवर उठताना जात नाही, टॉवर उठल्यावर तीन-चार वर्षांत जातो. चार गोष्टी बघा.

देखभाल निधी. ३३(७) मध्ये बिल्डरने दहा वर्षांच्या देखभालीसाठी कॉर्पस द्यायचा असतो. तो संस्थेच्या खात्यात, ताबा देण्याआधी. 'ताब्यानंतर देऊ' मान्य करू नका.

मालमत्ता कर. ५०० चौ. फुटांपर्यंतच्या निवासी घराला मुंबईत माफ आहे. ४०५ वाला त्यात बसतो. जादा फूट विकत घेऊन ५२० करणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

लिफ्ट आणि पंप. पुनर्वसन आणि विक्री एकाच इमारतीत असेल तर मीटर वेगळे आहेत का? वरच्यांच्या वातानुकूलित लॉबीचं बिल खालच्यांनी का भरायचं? यांत्रिक पार्किंग असेल तर त्याचा देखभाल करार कोण भरणार? भाडेकरूंना बहुधा गाडीची जागा मिळत नाही आणि खर्च मात्र सामायिक लागतो.

आणि नव्या घरात जाण्याआधीचं, बाहेर राहतानाचं भाडं. करारात दरमहा रक्कम, दरवर्षीची वाढ, आणि विलंब झाला तर काय, हे तिन्ही हवं. निदान एक वर्षाचं आगाऊ आणि पुढच्यासाठी बँक हमी. रखडलेले प्रकल्प बघा: जोत्यापर्यंत काम येतं, बिल्डरचा पैसा संपतो, सगळ्यात आधी भाडं थांबतं. विक्रीचा भाग महारेरावर नोंदलेला असतो, पण भाडेकरूचा भरवसा करारावर आणि म्हाडाच्या एनओसीतल्या अटींवरच. करार नोंदणीकृत करा, नोटरीचा नको.

मी_पार्लेकर

रस्त्यावरच्या दुकानांचं काय होतं? गिरगावची अर्धी मजा ती.

वाडीचा_चौक

अनिवासी गाळ्याला जेवढं क्षेत्र आहे तेवढं मिळतं. पण कुठे, ते बघा. रस्त्यावरचा दहा फुटी दर्शनी गाळा गेला आणि पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला तेवढेच फूट मिळाले तर क्षेत्रफळ बरोबर आणि धंदा बंद. करारात तळमजला, रस्त्याकडचं तोंड आणि दर्शनी रुंदी मीटरमध्ये लिहा. रस्त्यावर दुकानांऐवजी कंपाउंडची भिंत आणि गेट आलं की फुटपाथ संध्याकाळी सातलाच ओसाड पडतो.

गॅलरीतला

आमच्या इथे पुढच्या रविवारी सभा आहे. नकाशा म्हणून एक रंगीत चित्र आलंय, त्यात झाडं आणि पोहण्याचा तलाव. माप एकही नाही.

सर्व्हे_नंबर

सही करू नका. तीन कागद लेखी मागा: तळमजल्याचा मोजमापी आराखडा, पुनर्वसनाच्या एका मजल्याचा आराखडा, आणि रस्त्यापासून गच्चीपर्यंतचा उभा छेद. वास्तुविशारदाच्या सहीसह, १:१०० प्रमाणात. चांगल्या बिल्डरकडे आठवड्यात येतात. छेदात आधी बघा की पार्किंग किती मजल्यांचं आहे आणि पहिलं राहतं घर जमिनीपासून किती मीटरवर सुरू होतं.